तायक्वांदो : नवशिक्याला काय सांगावे?

तायक्वांदोच्या वर्गात पहिल्या दिवशी येणारा प्रौढ माणूस बहुधा दोन समजुती बरोबर घेऊन येतो. पहिली अशी की, ही दोन हजार वर्षे डोंगरातल्या बौद्ध मठांत जपलेली एखादी गूढ विद्या आहे. आणि दुसरी अशी की, चार-सहा महिने तिचे शिक्षण घेतले म्हणजे रस्त्यावरच्या गुंडाला लोळवता येते. या समजुती त्याच्या स्वतःच्या नसतात. वर्गाच्या दारावरची पाटी, शाळेच्या फाटकाशी वाटली जाणारी पत्रके आणि चित्रपट यांनी त्या त्याला पुरविलेल्या असतात. मुलांना वर्गात सोडायला आलेल्या पालकांची आणखी एक तिसरी समजूत असते : वर्ष-दीड वर्षात मिळणारा काळा पट्टा म्हणजे प्रावीण्याची सनद. या तिन्ही समजुती खोट्या आहेत. त्या खोट्या आहेत हे ठाऊक असणारे शिक्षक पुष्कळ असतील. परंतु पहिल्याच दिवशी तसे स्वच्छ सांगून टाकण्याचा प्रघात नाही. तो पडला पाहिजे. कारण खोटे बाजूला सारल्यावर या कलेचे जे उरते, ते थोडेथोडके नाही.

प्रथम वयाचा प्रश्न. तायक्वांदो हे नाव १९५५ सालचे आहे. दक्षिण कोरियाच्या सैन्यातील एक सेनापती चोई होंग ही यांनी ते सुचविले, असे सामान्यतः मानले जाते. ‘ताए’ म्हणजे पायाचा आघात, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. कराते-दो आणि ज्युदो यांमधील ‘दो’ तो हाच. नाव निवडताना ते ‘तेक्क्योन’ या कोरियातील एका जुन्या पदक्रीडेच्या नावाशी जुळेल, याची काळजी घेण्यात आली होती. नाव जुन्यासारखे असले तरी माल मात्र बराचसा दुसरीकडचा होता. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात शिक्षणासाठी जपानला गेलेल्या कोरियन तरुणांनी तेथे कराते आत्मसात केले. चोई त्यांपैकीच एक. १९४४ मध्ये सोलमध्ये ‘छोंग दो क्वान’ नावाची शाळा काढणारे ली वोन-गुक हे तर आधुनिक करातेचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन यांच्याकडे शिकलेले. १९४५ मध्ये जपान्यांची सत्ता गेली, आणि जेत्याची विद्या जेत्याच्याच नावाने शिकविणे ही स्वतंत्र राष्ट्राला लाज वाटावी अशी गोष्ट होऊन बसली. तेव्हा नवे नाव आले. तेही सहजासहजी रुजले नाही. १९६१ मध्ये निरनिराळ्या शाळांची जी संघटना झाली तिने ‘ताए सू दो’ हे नाव घेतले होते, आणि १९६५ मध्ये चोई अध्यक्ष असताना ती पुन्हा तायक्वांदोवर आली.

नाव नवे झाल्यावर वंशावळही जुनी हवी. कोगुर्यो राज्यातील थडग्यांच्या भिंतींवर झुंजणाऱ्या पुरुषांची चित्रे आहेत. सिल्ला राज्यात ह्वारांग नावाचा उमराव तरुणांचा संघ होता. १७९० मध्ये राजा जोंगजो याच्या आज्ञेने युद्धविद्यांचा सचित्र ग्रंथ तयार झाला. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु माणसे सर्वच देशांत झुंजत आली आहेत, आणि चित्रातल्या झुंजणाऱ्यापासून आजच्या वर्गातल्या शिक्षकापर्यंत गुरुशिष्यांची अखंड साखळी दाखविता आली तरच तिला परंपरा म्हणता येते. तशी साखळी तायक्वांदोला दाखविता येत नाही. ज्याची साखळी खरोखर शिल्लक होती, ते तेक्क्योन मात्र सोंग दोक-गी या एका म्हाताऱ्याच्या देहात तग धरून होते. १८९३ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९८७ मध्ये वारले. त्यांच्या हयातीतच, १९८३ मध्ये, दक्षिण कोरियाने तेक्क्योनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत ते गेले. तेक्क्योनची डुलती, नाचरी पावले आणि तायक्वांदोच्या ताठ, सरळ रेषेतल्या हालचाली शेजारी शेजारी पाहिल्या की, दोहोंमधील नाते नावापुरते किती आणि रक्ताचे किती, हे सामान्य प्रेक्षकालाही उमगते.

यात कोरियनांना हिणवण्यासारखे काही नाही. फुनाकोशी यांनी तरी काय केले? ओकिनावा बेटावरची विद्या जपानच्या मुख्य भूमीवर आणल्यावर तिच्या नावातील ‘चिनी हात’ या अर्थाचे अक्षर त्यांनी १९३० नंतरच्या दशकात काढून टाकले आणि तेथे ‘रिकामा हात’ हे अक्षर घातले. उच्चार तोच राहिला, चीन मात्र नावातून गेला. जपानने चीनचे केले तेच कोरियाने वीस वर्षांनी जपानचे केले, इतकेच. आपल्याकडेही मल्लखांबाची गोष्ट निघाली की बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा हवाला दिल्यावाचून बोलणाऱ्याचे समाधान होत नाही. बाळंभटदादा देवधरांचे कर्तृत्व पेशवाईच्या अखेरचे आहे, आणि तेवढ्याने ते तसूभरही लहान ठरत नाही. वयाने कमी असणे हा कलेचा दोष नव्हे. उलट, १९५० ते १९७५ या पाव शतकात कोरियन शिक्षकांनी करातेची आखूड, कमरेखालची लाथ डोक्याच्या उंचीपर्यंत नेली, तिला गिरकी दिली, उडी दिली, आणि पायाला हाताचे चापल्य आणले. हे काम डोळ्यांसमोर झालेले आहे. ते करणाऱ्यांपैकी काही जण एकविसाव्या शतकातही हयात होते. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या एका गरीब देशाने एका पिढीत जगाला नवा खेळ दिला, ही हकीकत दोन हजार वर्षांच्या भाकडकथेपेक्षा अधिक थोर आहे, आणि नवशिक्याला सांगायची ती हीच.

या घडणीत राज्यसत्तेचा हात होता हेही लपविण्याचे कारण नाही. चोई यांनी सैन्यात ही विद्या शिकविण्याची सोय केली. व्हिएतनाममध्ये कोरियन सैन्याबरोबर तिचे शिक्षक गेले. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी ‘राष्ट्रीय क्रीडा तायक्वांदो’ अशी अक्षरे स्वतःच्या हाताने लिहून दिली. १९७२ मध्ये सोलमध्ये कुक्कीवोन हे मुख्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला. ज्या चोईंनी नाव दिले ते मात्र पार्क यांच्याशी बिनसल्यामुळे १९७२ मध्येच कॅनडात निघून गेले. १९६६ मध्ये काढलेली आपली आंतरराष्ट्रीय संघटना त्यांनी बरोबर नेली, १९८० मध्ये ते चमू घेऊन उत्तर कोरियात गेले, आणि २००२ मध्ये त्यांचा मृत्यूही प्योंगयांगमध्येच झाला. त्यामुळे आज तायक्वांदो एक नाही, दोन आहेत. त्यांचे नियम वेगळे, कवायतींचे क्रम वेगळे, पोशाखाचा काटही वेगळा. वर्गात नाव घालणाऱ्या पुष्कळांना आपण कोणत्या घराण्यात प्रवेश घेत आहोत हे दोन-तीन वर्षे कळतच नाही. गाणे शिकायला जाणारा घराणे विचारतो, येथेही विचारावे.

चोई यांच्या घराण्यातील कवायतींबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. या चोवीस कवायती म्हणजे कोरियाचा पायांनी गिरवायचा इतिहास आहे. बहुतेकींना राष्ट्रपुरुषांची किंवा ऐतिहासिक घटनांची नावे दिलेली आहेत. ‘जुंग-गून’ नावाच्या कवायतीत बत्तीस हालचाली आहेत. आन जुंग-गून याने २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी याला गोळ्या घातल्या, आणि २६ मार्च १९१० रोजी त्याला ल्युशुनच्या तुरुंगात फाशी झाली. त्या वेळी कोरियन गणनेप्रमाणे त्याचे वय बत्तीस होते. म्हणून हालचाली बत्तीस. हार्बिननंतर दोनच महिन्यांनी, २१ डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि आननंतर चोवीस दिवसांनी तो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही. आज मात्र कॅनडातला एखादा विद्यार्थी वरच्या पट्ट्याच्या परीक्षेसाठी आनच्या आयुष्याची बत्तीस वर्षे पावलापावलाने मोजतो. इतिहास जपण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो पुतळ्यांहून स्वस्त आहे.

पहिला तास

आता प्रत्यक्ष पहिल्या तासाकडे वळू. पस्तीस-चाळीस वर्षांचा एखादा लिपिक वा शिक्षक पांढरा दोबोक घालून, अनवाणी, दोजांगमध्ये म्हणजे वर्गाच्या दालनात उभा राहतो तेव्हा पहिला धक्का त्याला पायाला बसत नाही, मानाला बसतो. रांगा वयाने लागत नाहीत, पट्ट्याने लागतात. पुढच्या रांगेत उजवीकडे वरिष्ठ, मागे डावीकडे नवखे. दहा वर्षांचा हिरव्या पट्ट्याचा पोरगा त्याच्या पुढे उभा असतो आणि शिकवणारा कित्येकदा त्याच्या निम्म्या वयाचा असतो. ‘चार्योत’ म्हणताच सावधान व्हायचे, ‘ग्योंगन्ये’ म्हणताच कमरेतून वाकायचे. हे शब्द काही मंत्र नव्हेत. कोरियातील शाळांमध्ये वर्गप्रमुख शिक्षकांना अभिवादन करविताना हेच दोन शब्द पुकारत आला आहे. आपल्याकडच्या कवायतीच्या ‘सावधान’ला जितके गूढत्व असेल तितकेच याला आहे. पण ज्याला रोज विद्यार्थ्यांनी उभे राहून नमस्ते म्हणावे अशी सवय लागलेली आहे, त्याने वीस वर्षांच्या तरुणासमोर मान लववायची, ही गोष्ट शब्दांपेक्षा अवघड असते. कोरियात तर वयाचा मान भाषेच्या क्रियापदांतच मुरलेला आहे. आपल्या तू-तुम्हीपेक्षा तेथले आदराचे पदर अधिक आहेत. त्या समाजातील विद्येने वयाला पट्ट्याच्या मागे उभे करावे, हा विरोधाभास मोठा गमतीचा आहे.

मग अंक. हाना, तुल, सेत, नेत, तासोत. पाचाच्या पुढे पहिल्या दिवशी कोणाचेच जात नाही, आणि एरवी आकडेमोडीत मुरलेल्या माणसाला सहा म्हणायला दहा वर्षांच्या पोराकडे पाहावे लागते.

समोरची लाथ, ‘आप चागी’, ही बहुधा पहिली लाथ. पाहताना ती चेंडू लाथाडण्याइतकी सोपी दिसते. प्रत्यक्षात तिचे चार भाग असतात : गुडघा छातीकडे उचलायचा, तेथून पाय सरळ सोडायचा, बोटे मागे ओढून चवड्याने आघात करायचा, आणि पाय पुन्हा गुडघ्यात दुमडून मगच खाली ठेवायचा. प्रौढ नवशिका नेमका पहिला आणि चौथा भाग गाळतो. गुडघा न उचलता तो पाय झोकतो, त्यामुळे लाथ खालून वर ओरबाडत जाते. आणि पाय मागे न घेता टाकतो, त्यामुळे तोल पुढे जातो. बोटे मागे ओढायला विसरला तर गादीवर पहिला आघात अंगठ्याचा होतो आणि मग तो जन्मभर विसरत नाही. गोल फिरवून मारायच्या ‘दोल्यो चागी’त तर सारे लक्ष मारणाऱ्या पायाकडे असते, आणि खरे काम जमिनीवरच्या पायाचे असते. तो चवड्यावर फिरून त्याची टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. ती वळली नाही की कंबर अडते, आणि फिरण्याचा सारा पीळ गुडघ्यावर येतो. मोठ्या वयात आलेल्यांची गुडघेदुखी पुष्कळदा या एका चुकीतून निघते. वीस वर्षे खुर्चीत बसलेल्याच्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात. त्याने पहिल्या महिन्यात लाथ कमरेच्या वर नेण्याचा हट्ट धरू नये, आणि शिक्षकाने तो धरू देऊ नये. उंचीचा आग्रह हा चित्रपटांचा आहे, शरीरशास्त्राचा नव्हे.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र लाथ नाही; आरोळी आहे. तिला ‘कीहाप’ म्हणतात. ‘की’ म्हणजे प्राणबळ आणि ‘हाप’ म्हणजे एकवटणे. आघाताच्या क्षणी श्वास झटक्याने बाहेर टाकला म्हणजे पोटाचे स्नायू आवळले जातात, धड घट्ट होते आणि पायाचे बळ मधेच गळून जात नाही, एवढेच तिचे साधे शास्त्र. पोरे ती बिनधास्त मारतात; त्यांना तर ओरडायला परवानगी मिळाल्याचाच आनंद असतो. सुशिक्षित मध्यमवर्गीय प्रौढाच्या तोंडून मात्र पहिल्या दिवशी जो आवाज निघतो, तो घसा साफ करण्याचा असतो. साहेबांसमोर आवाज खाली ठेवण्यात ज्याची हयात गेली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून घरातले भांडणही जो कुजबुजत करतो, त्याच्या छातीतून आरोळी कोठून येणार? स्त्रियांचे तर विचारूच नये. मुलीच्या जातीचे हसणे ओसरीपर्यंत ऐकू येता कामा नये, अशा शिकवणुकीत वाढलेली एखादी शिक्षिका लाथ पंधरवड्यात शिकते आणि आरोळीला तीन महिने लावते. तायक्वांदोने तिला बाकी काही दिले नाही आणि तेवढा एक मोकळा आवाज दिला, तरी भरलेले शुल्क वाया गेले असे म्हणता येणार नाही.

स्वसंरक्षणाची भूल

कारण स्वसंरक्षणाचा जो बाजार मांडला जातो, त्यात सांगितले जाते त्याहून बरेच कमी देता येते. ऑलिंपिकच्या नियमांचा तायक्वांदो हा लाथांचा खेळ आहे. मुठीचा ठोसा फक्त धडावर चालतो आणि त्याला एक गुण मिळतो. धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन, आणि गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला प्रत्येकी दोन गुण अधिक. चेहऱ्यावर ठोसा नाही, पकड नाही, पाडणे नाही. या नियमांत मुरलेला खेळाडू हात खाली सोडून खेळायला शिकतो, कारण तोंडावर ठोसा येणारच नाही हे त्याला ठाऊक असते. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकपासून विजेवर चालणारी चिलखते आली. पंचांचा पक्षपात त्यामुळे कमी झाला, पण पुढचा पाय अधांतरी धरून तलवारबाजीसारखा टोचत राहण्याची शैली फोफावली. खेळ म्हणून याला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु अंधाऱ्या जिन्यात मनगट धरणारा माणूस एवढे अंतर देत नाही. त्यातही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगत आली आहे की, बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा स्त्रीच्या ओळखीतलाच असतो. ओळखीच्या माणसाविरुद्ध मुलीला जे शिकवावे लागते ते लाथेच्या आधीचे आहे : नाही म्हणणे, मोठ्याने म्हणणे, आणि घरच्यांनी ते ऐकून घेणे. सहा महिन्यांच्या वर्गाने मुलगी सुरक्षित झाली असे मानून निश्चिंत झालेला बाप स्वतःची फसवणूक करून घेत असतो, आणि ‘मुलींना निर्भय बनवा’ असे फलक लावणारा वर्ग त्याला साहाय्य करीत असतो. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी सांगतो की, पळता येत असेल तर पळा. असा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नये.

फळी फोडण्याच्या प्रयोगांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लाकूड रेषांच्या बाजूने फुटते, आणि मारणाऱ्याने फळीवर थांबायचे नसून तिच्या पलीकडे पोहोचायचे असते, एवढे सांगितले की त्यातला चमत्कार संपतो आणि कौशल्य दिसू लागते.

सौजन्य हे या विद्येचे पहिले व्रत मानले जाते; त्यापाठोपाठ सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती. पांढऱ्या पट्ट्याच्या मुलांकडून ही पाच नावे पाठ करून घेतात. पण पाठ केलेले अंगी लागतेच असे नाही. २००० मध्ये सिडनीला तायक्वांदो प्रथमच ऑलिंपिकमध्ये पदकांसह खेळला गेला, तेव्हा क्युबाच्या आंहेल मातोस याने सुवर्णपदक जिंकले. तोच मातोस २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदकाच्या लढतीत अपात्र ठरविला गेला, तेव्हा त्याने पंचाच्या तोंडावर लाथ मारली आणि आजन्म बंदी ओढवून घेतली. त्याच बीजिंगमध्ये रोहुल्ला निकपाई या अफगाण तरुणाने कांस्यपदक जिंकले. ते अफगाणिस्तानचे कोणत्याही ऑलिंपिकमधील पहिले पदक होते, आणि हा तरुण इराणमधील निर्वासितांच्या छावणीत तायक्वांदो शिकलेला होता. व्हिएतनामचे पहिले ऑलिंपिक पदक (२०००), गॅबॉनचे पहिले (२०१२), जॉर्डनचे पहिले (२०१६) हीदेखील तायक्वांदोचीच. घोडा नको, नाव नको, गवताचे मैदान नको. एक सपाट जमीन आणि एक चांगला शिक्षक असला की पुरते. एवढ्या अल्प भांडवलावर चालणाऱ्या खेळात भारताच्या खात्यावर आजवर एकही ऑलिंपिक पदक जमा झालेले नाही. राष्ट्रीय संघटना म्हणविणाऱ्या येथे एकाहून अधिक निघाल्या, आणि खेळाडूंची शक्ती कोणाचे पत्र ग्राह्य धरायचे या वादात खर्ची पडत आली, हे त्याचे एक कारण निश्चितच आहे.

पट्टा आणि कागद

राहता राहिला काळा पट्टा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काळे पट्टे वाटले जातात, म्हणून जाणकार मंडळी संतापतात. त्यांचा संताप अर्धा योग्य आहे. खुद्द कोरियात शाळा सुटल्यावर दोजांगची गाडी मुलांना घेऊन जाते, आई-वडील कामावरून परतेपर्यंत ती तेथे खेळतात, आणि त्यांच्यापैकी असंख्य मुले प्राथमिक शाळेतच पहिली मोठी परीक्षा देतात. पंधरा वर्षांखालील मुलांना कुक्कीवोन ‘दान’ देत नाही, ‘पुम’ देते. त्यांच्या पट्ट्यात अर्धा रंग लाल आणि अर्धा काळा असतो. तेथे पहिला दान वा पुम म्हणजे मुळाक्षरे आली, असे समजतात. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन, चौथ्यासाठी आणखी तीन. आणि कुक्कीवोनची प्रशिक्षकाची अधिकृत पात्रता चौथ्या दानापासून सुरू होते. म्हणजे पहिला काळा पट्टा मिळाल्यावर सहा वर्षांनी माणूस शिकविण्यास पात्र ठरू लागतो. लहान मुलाला मुळाक्षरे आल्याचे प्रमाणपत्र दिले तर बिघडत काहीच नाही. बिघडते ते आई-वडील त्या प्रमाणपत्राला पदवी समजतात आणि वर्गचालक त्यांना तसे समजू देतो, तेव्हा.

महाराष्ट्रात हे समजणे विशेष फोफावले, त्याला कारण आहे. येथे दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, आणि २००५ च्या शासन निर्णयापासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. हे लाभ स्पर्धांतील कामगिरीवर मिळतात, पट्ट्याच्या रंगावर नव्हे. परंतु शिक्का मारलेला कोणताही कागद कधीतरी उपयोगी पडेल, ही आपल्या नोकरदार वर्गाची श्रद्धा इतकी दृढ आहे की, दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला शुल्क आणि दर शुल्कामागे एक रंगीत प्रमाणपत्र हा व्यवहार कोणालाच खटकत नाही. काळ्या पट्ट्याच्या आतले रंग तर वर्ग स्वतःच्या अधिकारात देतो. कुक्कीवोनची नोंद सुरू होते ती पहिल्या पुम वा दानापासून. त्या नोंदीला क्रमांक असतो आणि तो कोणालाही पडताळून पाहता येतो. पालकांनी तो मागावा. शिक्षकाचा दान कितवा, तो कोणी दिला, वर्ग कोणत्या घराण्याचा, हे प्रश्न विचारण्यात अविनय नाही. दुकानदाराकडे पावती मागण्यात तो जसा नसतो तसाच.

या साऱ्या व्यवहाराच्या बाहेर जर कोणी असेल तर तो चाळिशीत पांढरा पट्टा बांधणारा माणूस. त्याला सवलतीचे गुण नकोत, राखीव जागा नको, त्याचे छायाचित्र जिल्हा स्पर्धेच्या बातमीत छापून येणार नाही. रक्तदाब तपासून घेऊन, आठवड्यातून तीन संध्याकाळी तो येईल. सहा म्हणजे ‘योसोत’ हे त्याला दुसऱ्या आठवड्यात पाठ होईल, टाच वळायला दोन महिने लागतील, आणि पहिल्या दानापर्यंत पोहोचायला त्याला मुलांपेक्षा जास्त वर्षे लागली तरी त्याची तक्रार नसेल. वर्गचालकांना अशा विद्यार्थ्याचे फारसे कौतुक नसते. तो एकटा येतो, त्याच्यामागून शाळेचा अख्खा वर्ग येत नाही. पण १९५५ सालाची, मुळाक्षरांची आणि पळून जाण्याची गोष्ट प्रथम सांगायची तर ती त्यालाच सांगता येईल, कारण ती ऐकून तो नाव काढून घेणार नाही. तीच तीन वाक्ये मग प्रवेशाच्या अर्जावर, शुल्काच्या आकड्याच्या वरती, पालकांसाठी छापावीत. कागदाचा खर्च काही वाढणार नाही.